दादाचा गाडा, हाताला चार बोटं

आमच्या पिंपळवंडीत कुणी कणसं चोरताना सापडला तर चार शिव्या खाऊन सुटायचा. पण दुसऱ्याच्या शर्यतीच्या गाड्याला सुतळी लावून मापं घेताना सापडला, तर त्याची धडगत नव्हती. एकतर तो गाड्याची नक्कल करणार, नाहीतर करणी. मी तसा सापडलो. तोही थोरल्या भावाच्या गोठ्यात, भर दुपारी, आणि वहिनीला!

"काय चाललंय भावजी?"

"काय न्हाई. बघत व्हतो."

"सुतळीनं बघत्यात व्हय?"

आता हिला काय सांगणार, कपाळ? सुतळीला मारलेल्या गाठी मुठीत दाबल्या आणि मान खाली घालून घरी आलो. पाठीमागं तिनं कडाकडा बोटं मोडलेली मला ऐकू आली.

त्या चैत्रात लोणीच्या यात्रेत दादाचा गाडा घाटात उलटला होता. घाट म्हणजे बैल पळवायची चढाची वाट. जुवाची शिवळ, म्हणजे बैलाची मान जागेवर धरणारी खुंटी, ऐन धावेत मोडली. ढवळ्या बाहेर फेकला गेला, गाडा आडवा झाला आणि दादाचा पाय चाकाखाली आला. आंबेगावाकडच्या डोंगरातून हाडं बसवणारा म्हातारा आणला, त्यानं पाय बांधला. वर्षापूर्वीच आमच्या चुली वेगळ्या झालेल्या. झालं! लोकांना तेवढंच पुरलं. "धाकट्यानंच शिवळ पोखरली असंल," असं चावडीवर माझ्या देखत बोलायचे. अंगाची नुसती लाही व्हायची. मीही कुणाला सोडत नव्हतो म्हणा. दादाच्या गोठ्याकडं जो येईल त्याच्या हाताकडं मी टक लावून बघायचो.

पाय बांधला त्याच दिवशी भैरोबापुढं उभा राहून मी बोललो होतो, "दादाला त्याच्या पायावर उभा कर. ज्या गाड्याखाली तो आला तोच गाडा लाकडाचा करून तुझ्यापुढं ठेवीन. एक खीळ कमी असणार न्हाई." आमच्याकडं मूल व्हावं म्हणून पाळणा वाहतात, डोळ्यांसाठी चांदीचे डोळे. मी गाडा बोललो. आणि देव पावेस्तोवर नवस तोंडातून काढायचा नाही, ही आमची रीत. बायकोलासुद्धा सांगायचा नाही. बोलला की गेला. म्हणून मी मुका.

खऱ्या गाड्याच्या एक हात लांबीला माझी चार बोटं, असा हिशोब धरला. चाकाचा मधला तुंबा बाभळीचा. त्यात आरे बसवताना जीव मेटाकुटीला आला, एक बसवावा तर दुसरा उचकटायचा. चाकाची लोखंडी धाव रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून कापली. दादाच्या डाव्या चाकात एक आरा मागाहून घातलेला होता, सागाचा. तोही सागाचाच घातला. जुवावर ढवळ्यानं शिंग घासून पाडलेली खाच होती, ती चाकूच्या टोकानं पाडली. शिवळ मात्र धड केली. मोडकी वस्तू देवापुढं कशी ठेवायची?

चुका, म्हणजे बारीक खिळे, घ्यायला जुन्नरच्या बाजारात गेलो. दुकानदार मारवाडी, पण तीन पिढ्या इथंच गेलेल्या, बोलणं आमच्यापेक्षा चोख.

"एवढ्या बारीक चुका कशाला हो, राव?"

"देव्हाऱ्याला," मी ठोकून दिलं.

पुढच्या बाजारी त्यानं आमच्या शेजाऱ्याला सहज विचारलं, "देव्हारा झाला का?" शेजारी म्हणाला, कसला देव्हारा? गावात कुजबुज सुरू झाली. मग शेजारीण विस्तवाच्या निमित्तानं आली आणि माझ्या गोठ्यात डोकावली. तिला दिसला वीतभर उंचीचा, शेंदरी रंगाचा, हुबेहूब दादाचा गाडा. बाई विस्तव न नेताच गेली. करणीशिवाय दुसरं काय वाटणार तिला?

इकडं दादा काही उठत नव्हता. म्हाताऱ्यानं पाय सोडून सांगितलं, "हाड बसलंय. आता ह्योच उठंना, त्याला म्या काय करू?" पाय टेकवला की दादाला घाम फुटायचा. पेरणी तोंडावर आलेली. असाच राहिला तर जन्माचा खाटेवर, या धास्तीनं माझा घास उतरत नव्हता.

एका सकाळी मी गाड्याची शेवटची खीळ ठोकत होतो, तेवढ्यात दारात आवाज आला.

"भाईर ये, हरामखोरा! माझा पाय बांधून ठिवलाय व्हय रं?"

दारात दादा. मागं वहिनी, "अवं, पडाल, अवं!" करत. त्यानं जमिनीवरचा गाडा पाहिला आणि त्याचे डोळेच फिरले. हातातली काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उगारली. मी गाडा उचलायला हवा होता. पण मी त्याच्या पायांकडं बघत राहिलो. दोन्ही पाय माझ्या उंबऱ्याच्या आत, भुईला टेकलेले, कशाचाच आधार नाही.

"दादा, चालत आलास की रं!"

"चालत यीन न्हायतर उडत यीन, तुला काय..." म्हणता म्हणता त्यानं खाली बघितलं.

काठी हळूहळू खाली आली. त्याचा तोल जायला लागला तसा मी त्याला मिठीत धरला आणि खाली बसवलं. आता बोलायला मोकळा झालो होतो. रडत, ओरडत, शिव्या देत सगळं सांगितलं. वहिनी पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली.

दादानं गाडा मांडीवर घेतला. सागाच्या आऱ्यावरून बोट फिरवलं. खाच चाचपली. शिवळेपाशी बोट थांबलं.

"मला वाटत व्हतं, ही तूच पोखरलीस," तो म्हणाला. "पडलो तवापासनं."

गावातल्या झाडून सगळ्यांवर मी संशय घेतला होता. दादाच्या मनात माझ्याबद्दल हे असेल, असं एकदाही वाटलं नव्हतं. तो भिंतीला धरून उठला आणि गाडा छातीशी धरून देवळाच्या वाटेला लागला, लंगडत, थांबत थांबत. काठी माझ्यापाशीच राहिली होती. ती घेऊन मी मागं चालत होतो, पण त्यानं ती मागितली नाही.