पैलतीर आणि शकू घोडी

वैजनाथ ठवकर यांचा जन्म भंडाऱ्याजवळचा, नोकरी खडकीची आणि खरं वास्तव्य क्षारद्वीपावर. पहिल्या दोन ठिकाणी त्यांना फारसं कोणी ओळखत नसे आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते गोदामातली ओल तपासत. दारू कोरडी राहिली की कोणाला काही बोलावं लागत नाही, म्हणून ठवकरांशीही कोणी बोलत नसे. क्षारद्वीपावर मात्र त्यांच्या शब्दावाचून पान हलत नव्हतं.

क्षारद्वीप नकाशात सापडणार नाही. देशाने बाजाराची दारं उघडली त्याच सुमारास सातारच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने हे बेट लिहायला घेतलं. पाच जाड खंडांत त्याने मिठाचे देव घडवले, पावसाला भिऊन डोंगराच्या पोटात राहणारे. त्यांच्या वंशावळी, त्यांचे रुसवेफुगवे, कोणाचं सुतक कोणाला, सगळं बैजवार लिहिलं आणि सहावा खंड न लिहिता तो गेला. जाताना एक प्रश्न मागे ठेवून गेला. राजा सोमकेताचा चेहरा मिठाच्या देवाने शाप देऊन पुसून टाकला. बिनचेहऱ्याचा राजा नावाडी झाला. त्याची राणी ऐलवती दर पौर्णिमेला त्याच्याच नावेतून खाडी ओलांडायची. तिने त्याला ओळखलं होतं का?

अशा प्रश्नाचं इतर गावांत लोक काय करतात माहीत नाही. पुण्यात मंडळ काढतात.

क्षारद्वीप वाचक मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सदाशिव पेठेत भरे. जागा माधवराव खळदकरांच्या गणिताच्या क्लासची. मुलं सुटली की त्याच बाकांवर मोठी माणसं गुडघे मोडून बसत. माधवराव अध्यक्ष. दारावर त्यांच्या अक्षरात सूचना होती : 'पुरावा खंड व पानासह द्यावा. "मला वाटतं" हा पुरावा नाही. चहा एकदाच मिळेल.' मंडळात दोन पंथ होते, ओळखवाले आणि अनोळखवाले. लग्नाच्या पंगतीतही ते शेजारी बसत नसत. ठवकर अनोळखवाल्यांचे पुढारी. त्यांचं म्हणणं असं की खाडीवर इतकी दमट हवा, त्यात मिठाचं धुकं. हातभरावरचा माणूस दिसायचा नाही, तिथे चेहरा नसलेला नवरा काय ओळखणार? या म्हणण्याला खंड होता, पान होतं आणि गोदामातल्या नोकरीचा अनुभव होता. ठवकर उठून उभे राहिले की ओळखवाले आधीच वह्या मिटू लागत.

तनुजा ठवकर तेव्हा या भानगडीत नव्हत्या. त्या खराडीच्या एका कंपनीत अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासत. क्षारद्वीप त्यांना ऐकून माहीत होतं. लग्नानंतर खडकीच्या क्वार्टरमध्ये टीव्ही यायला उशीर झाला, म्हणून वैजनाथरावांनी त्यांना पाचही खंड मोठ्याने वाचून दाखवले होते. दुसऱ्या खंडात राजाची मिठाची गाडी ओढणारी एक म्हातारी घोडी आहे. तिला लेखकाने नाव दिलेलं नाही. तनुजाबाईंनी ऐकता ऐकता ठेवून टाकलं, शकू. भंडाऱ्याची त्यांची शकूआत्या अशीच संथ आणि कायम अपमान झाल्यासारखी चाले. पुढे घरात स्कूटर आली. तीही चालू व्हायला नखरे करी, म्हणून तिचंही नाव शकू पडलं.

एका रविवारी तनुजाबाईंना सुट्टी होती. घरी बसून करायचं काय, म्हणून त्या मंडळात आल्या. शेवटच्या बाकावर बसल्या, चहा प्यायल्या, नवऱ्याचं दमट हवेवरचं विवेचन ऐकलं आणि म्हणाल्या, "एक विचारू का?"

"खंड, पान?" माधवराव म्हणाले.

"चौथा खंड, नावेची सगळी पानं. इतर प्रत्येक नावाड्याला ऐलवती सांगते, पैलतीरी ने. या एकालाच ती कधी कुठे जायचं ते सांगत नाही. नुसती येऊन बसते. मग कुठे न्यायचं ते याला न सांगता कळतं, हे तिला कसं माहीत?"

माधवराव उठले. फळ्यावर त्रिकोणमिती होती, ती त्यांनी डस्टरने पुसली आणि तिथे लिहिलं, 'खंड ४. राणी सांगत नाही.'

ठवकर इतकी वर्षं मंडळात बोलत होते. त्यांच्यासाठी माधवरावांनी कधी फळा पुसला नव्हता. घराच्या पायऱ्या चढताना एवढंच म्हणाले, "त्रिकोणमिती तशीही झालीच होती शिकवून."

त्यानंतर दिवस फिरले. साई नावाच्या संगणक अभियंत्याने मंडळाचं संकेतस्थळ काढलं. तनुजाबाई जेवणाच्या सुट्टीत खराडीहून त्यावर लिहू लागल्या. लोक त्यांना तनुजाताई म्हणायला लागले. नाशिकहून, कोल्हापूरहून शंका यायला लागल्या आणि त्या शंका थेट त्यांनाच असत. पासोड्या विठोबाच्या देवळापाशी एक गृहस्थ ठवकरांना थांबवून म्हणाले, "आपण तनुजाताईंचे मिस्टर ना? आपणही वाचता का?" ठवकरांनी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय नसल्याने तोंडातून तेवढंच निघालं.

पुढच्याच आठवड्यात संकेतस्थळावर 'पैलतीर' या नावाने एक नवे सदस्य दाखल झाले. ते अनोळखवाले होते. त्यांचं पहिलंच टिपण तनुजाताईंच्या मताचं खंडन करणारं होतं आणि त्यात हवेतल्या ओलीचा मुद्दा होता. ते ठवकरांनी आतून कडी लावलेल्या खोलीत बसून एका बोटाने टंकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तनुजाताईंचं उत्तर आलं : 'पैलतीर यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. त्यांचं वाचन दांडगं दिसतं.'

ठवकरांनी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. दुसऱ्यांदा, हा मुद्दा आपण घरात जन्मभर सांगतोय हे आठवलं. तिसऱ्यांदा संगणकच बंद केला. आपल्याला बायको कधी 'दांडगं' म्हणाली नाही. म्हणाली असेल तर आवाजाला.

रात्रीच्या जेवणाला तनुजाबाई म्हणाल्या, "अहो, तो पैलतीर वाचलात का? काय सुंदर मांडतो!"

"कोण हाय तो? रिकामटेकडा असन कोणी."

"रिकामटेकडा नाही. अभ्यासू माणूस आहे. आणि किती शांतपणे लिहितो. टेबलावर हात नाही आपटत."

"लिहिताना हात कुठून आपटंन? बोटं गुंतली राहतेत त्याची."

"तुम्हाला राग कशाचा आला?"

"मले कायले राग येईल?" असं म्हणून ठवकरांनी वाटीतलं वरण भातावर न ओतता ताटाबाहेर ओतलं.

मग रोजच सुरू झालं. पैलतीरची स्तुती झाली की ठवकर पेटत आणि त्याचं म्हणणं खंड-पानासह उधळून लावत. आयुष्यभर अनोळखवाला राहिलेला माणूस पोळीचा तुकडा हवेत धरून ओळखवाल्यांची बाजू मांडत असे, केवळ त्या पैलतीरला धडा मिळावा म्हणून. तनुजाबाई लक्ष देऊन ऐकत. दुसऱ्या दिवशी तेच मुद्दे त्यांच्या नावाने संकेतस्थळावर येत आणि पैलतीरची वाट लागे. संध्याकाळी पैलतीरला नव्या पुराव्यासाठी पुन्हा खंड उघडून बसावं लागे. ठवकर वाळले. कारखान्यात एकदा त्यांनी ओलीच्या आकड्याच्या जागी पान क्रमांक सांगितला.

शेवटी पैलतीरने एक निर्णायक लेख लिहिला. भाषा अशी की लिहितानाच ठवकरांना त्याचा हेवा वाटला. त्यात एक वाक्य होतं : 'राजाला उभ्या बेटात एकटी शकू ओळखत होती, आणि तीदेखील वासावरून, राणीला ती सोय नव्हती.'

घोडीला नाव नाही, हे ठवकर कधीच विसरून गेले होते. त्यांच्यासाठी ती शकूच होती.

संकेतस्थळावर हलकल्लोळ माजला. शकू कोण? ही दासी, की मिठाच्या देवाची बहीण? कोल्हापूरच्या एकाने ती राजाची पहिली बायको असल्याचं वंशावळीसह सिद्ध केलं. साईने संगणकाला शोधायला लावलं, संगणक थकला. दुसऱ्या रविवारी क्लासची खोली भरून लोक दारात उभे राहिले. चहा कमी पडला.

माधवरावांनी पाचही खंड टेबलावर रचले होते. "मी पुन्हा सगळं वाचलं," ते म्हणाले, "यात कुठेही शकू नाही."

तोवर ठवकरांना वाटत होतं की लोकांनी दुसरा खंड नीट वाचलेला नाही. त्या क्षणी मात्र सगळं एकदम ध्यानात आलं आणि त्यांचे कान तापले. शकू हे नाव जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली दुसरी व्यक्ती शेजारी बसून रुमालाची घडी घालत होती. ती एक शब्द बोलली की झालं. बायकोशी टोपणनावाने भांडणारा माणूस म्हणून सदाशिव पेठेत त्यांची ओळख पडली असती, आणि इथे अशी ओळख पुसायला मिठाचा देव येत नाही.

"तनुजाताई," माधवराव म्हणाले, "पैलतीरशी तुमचाच वाद चाललाय. तुमचं काय म्हणणं? शकू कोण?"

तनुजाबाईंनी घडी पूर्ण केली. "खंड आणि पान माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा मंडळाच्या नियमाने मला बोलता येणार नाही."

"बरोबर आहे," माधवराव म्हणाले आणि नाइलाजाने पुढच्या विषयाकडे वळले.

बाहेर आल्यावर स्कूटर चालू होईना. ठवकर किक मारत राहिले.

"शकू रुसली वाटतं," तनुजाबाई म्हणाल्या.

ठवकर पाय खाली टेकून उभे राहिले. "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या टिपणापासून. दमट हवेचा मुद्दा तुमच्याशिवाय कोणाला सुचणार?"

"मग काहून सांगतलं नाही?"

"ऐलवतीने सांगितलं का?"

ठवकरांनी उगाच आणखी एक किक मारली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ते जे लिहिलं होतं तू... दांडगं म्हणून. ते कोणाले होतं?"

"ज्याने लिहिलं त्याला. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही वाद घातला असता."

पैलतीर पुन्हा कधी लिहायला आले नाहीत. पुढच्या सभेत ठवकर उभे राहिले आणि अनोळखवाले सावरून बसले. ठवकर म्हणाले, "अध्यक्ष महाराज, राणीनं त्याला ओळखलं होतं. पहिल्याच खेपेला."

खोलीत कुजबूज झाली. माधवरावांनी डस्टर हातात घेतला. "पुरावा?"

ठवकरांनी शेजारी पाहिलं. तनुजाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला वाटतं," ठवकर म्हणाले.

"बसा, ठवकर," माधवराव म्हणाले आणि डस्टर जागेवर ठेवला.

ठवकर बसले. तनुजाबाई त्यांच्याकडे किंचित झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पैलतीर असता तर त्याने पान काढून दाखवलं असतं."

"त्याचं नाव काढू नको," ठवकर म्हणाले, आणि चहा येईपर्यंत त्यांनी तोंड फिरवलेलंच होतं.