माझं गेट कुठं?

कॉलेज सांभाळून मी एजन्सीमार्फत एका कंपनीचं डेटा एन्ट्रीचं तात्पुरतं काम घरून करायचे. एकदा लॅपटॉपचा चार्जर लावताना जुन्या एक्स्टेन्शन बोर्डाचा शॉक बसला. नवा बोर्ड कोण देणार? एजन्सी म्हणाली, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, एजन्सीला.

पप्पा तळोज्याच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. ते म्हणाले, "आमाला हेल्मेट ठेकेदार देतो, पण ते घातलंय का, हे गेटवर कंपनी बघते. तुझं गेट कुठंय?"

घरून काम करणाऱ्यांची सुरक्षा कोण बघतं, हे मी भीतभीत एजन्सी आणि कंपनी दोघांना एकाच मेलमध्ये विचारलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनीही माझ्या कामाच्या जागेचा फोटो मागितला. आई घाईने पसारा आवरू लागली.

"राहू दे," पप्पा म्हणाले. "हाय तसं दिसू दे त्यांना."