भिंतीवरून येणारा उजेड

धम्मदीपाची मुलगी पोटातच गेली. हॉस्पिटलमध्ये विवेकने मोबाइलवर तिचा एकच फोटो काढला. समोरून पडलेल्या फ्लॅशमुळे त्यात बाळाचा चेहरा जांभळा, डागाळलेला दिसत होता. काही आठवड्यांनी विवेकने तो पुसून टाकला. बायकोला त्रास नको, एवढंच त्याच्या मनात होतं. तिने मागितला तेव्हा तो म्हणाला, "दीपा, बघण्यासारखा नव्हता गं तो." ती भांडली नाही. तेव्हाच भांडून घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे तिला कित्येकदा वाटलं.

अशा बाळांचे फोटो मोफत काढून देणारे लोक इथे आहेत, हे तिला फार उशिरा कळलं. नीउ-व्हेनेप या त्यांच्या डच गावातल्या डॉक्टरांकडे एक पत्रक लावलेलं होतं. तिने घरी येऊन त्यांना फोन केला. "मला कॅमेरा येत नाही. पण शिकेन," ती म्हणाली.

मग दर शनिवारी जवळच्या हार्लेम शहरात हेंक नावाच्या निवृत्त छायाचित्रकाराचा वर्ग. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी ही बाई तिथे उजेड शिकू लागली.

"फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरव," हेंक सांगायचा. "समोरून मारलास तर चेहऱ्यावर आदळतो. बाजूला ठेव, भिंतीकडे वळव. भिंतीवरून येणारा उजेड मऊ असतो."

कृष्णधवलही त्यानेच शिकवलं. फोटो रंगीत काढायचा, मग कॉम्प्युटरवर रंग उतरवताना लाल तेवढा उजळ करायचा. कातडीवरचे डाग विरघळून जातात. हे कशासाठी हवंय, ते तिने त्याला सांगितलं होतं. त्यानंतर त्याने तिच्याकडून फी घेतली नाही.

घरी तिने जुन्या बाजारातून एक बाहुली आणली. पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून ती जेवणाच्या टेबलावर ठेवायची आणि फ्लॅश कधी इकडे, कधी तिकडे लावून बघायची. एकदा विवेक लवकर घरी आला. टेबलाकडे बघत दारातच थांबला आणि सायकलची किल्ली घेऊन परत बाहेर पडला.

पहिलं बोलावणं आलं ते हार्लेमच्याच एका हॉस्पिटलातून. जोडपं पुण्याचं निघालं, शिवांगी आणि पुष्कर. मुलगा होता. शिवांगी पलंगावर पडून होती आणि बाळ शेजारच्या टोपलीत.

"फोटो कशाला हवेत?" पुष्कर दारातच म्हणाला. "हे सगळं विसरायचंय आम्हाला."

"मला नाही विसरायचं," शिवांगी म्हणाली.

धम्मदीपा मध्ये पडली नाही. तिने फ्लॅश काढला आणि त्याच्यापुढे धरला. "हा भिंतीकडे धरून उभे राहाल? माझ्याकडे स्टँड नाही."

स्टँड पिशवीत होता. पुष्करने फ्लॅश घेतला. तो कधी छताकडे वळायचा, कधी बाळाकडे; पहिले काही फोटो वायाच गेले. तिने घाई केली नाही. हळूहळू उजेड स्थिरावला. बाळाचे दाट केस, मिटलेले डोळे, आईच्या बोटावर ठेवलेला हात.

"पाऊल राहिलं," पुष्कर मध्येच म्हणाला. "पाऊल माझ्यासारखं आहे." आणि फ्लॅश तसाच धरून तो रडू लागला.

ती सामान आवरत असताना शिवांगीने विचारलं, "ताई, तुम्हाला मुलं?"

"मुलगी. उत्पला." हे नाव ती परक्या माणसापुढे पहिल्यांदाच उच्चारत होती.

"फोटो आहे तिचा?"

"नाही."

शिवांगीने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आज धम्मदीपा बऱ्याच घरांसाठी हे काम करते. विवेक अजूनही तिचे फोटो बघत नाही. पण बोलावणं आलं की गाडी तोच काढतो आणि ती बाहेर येईपर्यंत आवारात थांबतो.