धुरात मास्क काढायचा नाही

माझी भाची चित्रमालिका काढते. आगीतून माणसं बाहेर काढायला शिकणाऱ्या चार पोरांची ती गोष्ट आहे आणि तिचे सहा भाग छापून झालेत. पूर्वी ती स्वतः अग्निशमन दलात होती. गुडघा कामातून गेला, तेव्हापासून ती चित्रं काढू लागली.

मंगळवारी संपादक सातवा भाग न्यायला घरी आले. धुराने भरलेल्या जिन्यातून चौघे मास्क लावून चढताहेत, हे पाहून त्यांचं तोंड उतरलं.

"अहो ताई, चेहरेच दिसत नाहीत. वाचक रडणार कसे? मास्क काढून टाका."

"मग ती दुसऱ्या मजल्यापर्यंतही पोचायची नाहीत."

"चित्रातल्या धुराने कोण मरतं? हे बदला, नाहीतर मालिका बंद करावी लागेल."

"करा बंद. तसं चित्र बघून उद्या एखाद्याने खऱ्या धुरात मास्क काढला, तर त्याच्या आईला तुम्ही भेटणार का?"

संपादक माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही तरी समजवा हिला."

"मला तर चौघेही ओळखू येतात," मी म्हटलं. "तो बुटका बघा, भिंतीवरचा हात काढत नाही."

संपादक रिकाम्या हाताने गेले. भाचीने दार लावलं आणि आठव्या भागाचं पहिलं पान काढायला घेतलं. त्यात धूर आणखी दाट होता.