न फाटलेल्या चकत्या

मर्व्हिन हॅड्रिकच्या बाहीवरच्या हुद्द्याच्या दोन पट्ट्या उतरवण्याचा आदेश मीच टंकलिखित केला. दुसऱ्या महायुद्धात, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या दक्षिणेला, झुडपे तोडून आखलेल्या आमच्या धावपट्टीवर मी शस्त्रविभागाचा कारकून होतो. त्याआधी अठरा वर्षे बॅलारॅटला लॅटिन शिकवलेले असल्याने सगळे मला मास्तर म्हणत. त्या आदेशाविरुद्धची माझी तक्रार अजूनही कोणी ऐकून घेतलेली नाही.

लढाऊ विमानांच्या बंदुका मर्व्हच्या ताब्यात असत. पंखाखाली उताणे पडून काडतुसांचे पट्टे भरायचे, वैमानिकाच्या अंगठ्याखालच्या कळीपासून बंदुकांपर्यंत दाबाची हवा नेणाऱ्या नळ्या तपासायच्या, आणि शेवटी प्रत्येक बंदुकीच्या तोंडावर तांबड्या कापडाची चकती रोगणाने चिकटवायची, म्हणजे धूळ आत शिरत नाही. पहिलीच गोळी ती चकती फाडून बाहेर पडते. त्यामुळे विमान परतले की आमची नजर आधी चकत्यांकडे जाई. तापलेल्या पत्र्याने मर्व्हचे कोपर नेहमी भाजलेले असत. "रोज इस्त्री होते माझी, मास्तर," तो म्हणे, "तरी सुरकुत्या काही जात नाहीत."

जूनमधल्या एका दुपारी तरुण वैमानिक बर्टल्सचे विमान एकटेच परतले. त्याचा जोडीदार पेथरिक त्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात कोसळला होता. आठही चकत्या शाबूत होत्या.

मर्व्ह पंखावर चढला तेव्हा बर्टल्सला आसनाचे पट्टेही सोडवत नव्हते. "कळ दाबतच होतो मी," तो म्हणाला. "जपानी अगदी समोर होता, मर्व्ह. तुझ्या बंदुका मेलेल्या होत्या."

कळीभोवतीचे कडे वैमानिक वर गेल्यावर 'चालू'वर फिरवतो; विमान थांबताच ते 'बंद'वर फिरवायचे, हे मर्व्हचे पहिले काम. तसे केले नाही तर चुकून दाबलेली कळ समोरच्या माणसाचा जीव घेईल. त्याचा हात सवयीने तिकडे गेला. कडे आधीपासूनच 'बंद'वर होते.

बंदुका जमिनीवर चालवून पाहिल्या. आठही धडधडल्या. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचाही अर्थ लावला: वर थंडीत नळीतले पाणी गोठले असणार. "नळी कोरडी ठेवणं कोणाचं काम?" त्याने विचारले.

"माझं, साहेब," मर्व्ह म्हणाला. कड्याचे त्याने नावही काढले नाही.

संध्याकाळी कोमट चहा पिताना त्याने मला कड्याची गोष्ट सांगितली. मी संतापलो. आत्ताच्या आत्ता लेखी निवेदन देतो, म्हणालो.

"कोण मानेल? कडं 'बंद' करणारा मीच. आणि मानलंच, तर त्या पोराचं काय? पेथरिकला आपण मारलं हे डोक्यात घेऊन तो उद्या वर जाईल?"

"आणि तुझं काय?"

"मी दमलोय, मास्तर. बॉम्बच्या कोठारात पाठवतील; तिथं निदान सावली असते."

सकाळी पट्ट्या उतरल्या. कोठाराकडे निघण्यापूर्वी मर्व्ह बर्टल्सच्या विमानाशी गेला. नव्या माणसाला चकत्या दाखवायच्या आहेत, एवढेच निमित्त होते. मी नोंदवही घेऊन पंखाशी उभा होतो. बर्टल्स आत बसलेला होता.

"साहेब," मर्व्ह हळूच म्हणाला, "वर गेल्यावर कडं फिरवा हं."

बर्टल्सने कड्याकडे पाहिले. मग मर्व्हच्या बाहीकडे पाहिले. पट्ट्यांच्या जागी न विटलेल्या कापडाचे दोन ठसे होते. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याला समजले होते, यावर मी कोठेही शपथ घेईन. मर्व्ह त्याच्या खांद्यावर थोपटून पंखावरून खाली उतरला.

तासाभराने बर्टल्स परतला. आठही चकत्या फाटलेल्या होत्या. तो अधिकाऱ्याच्या तंबूपर्यंत गेला, दाराशी क्षणभर थांबला आणि जेवायला निघून गेला. त्यानंतर तो पाच महिने उडत राहिला. तंबूत मात्र कधी शिरला नाही.

त्याच दुपारी, बर्टल्स परतल्याचे मर्व्हला सांगायला मी कोठारात गेलो होतो. त्याने एकच विचारले, "सगळ्या फाटल्या?"

"सगळ्या."

"मग झालं," तो म्हणाला, आणि बॉम्बच्या पेटीला पाठ टेकून त्याने डोळे मिटले.