मातीचा लेप आणि आवणी

निसर्गोपचाराची पदवी घेऊन मी सापगावला परतले, तेव्हा औषध न देणारी डॉक्टर कशी दिसते ते बघायला बायका घरी येऊन गेल्या. मग मुरबाड रस्त्यावरच्या एका निसर्गोपचार केंद्रात मला नोकरी लागली. तिथे मुंबईची माणसं उपाशी राहायला येत. घरी उपाशी राहिलं तर कोणी दखल घेत नाही; इथे दुधी भोपळ्याचा रस घेऊन कोणीतरी मागे फिरत असे. त्यांच्या मानदुखीला आम्ही 'साठलेलं दुःख' म्हणायचो. मला ते साठलेलं श्रीखंड वाटे.

केंद्राचे मोठे डॉक्टर इतक्या हळू बोलत, की ऐकणाऱ्याला आपोआप वाकावं लागे. रोग्याला बरं वाटलं तर उपचार लागू पडला. त्रास वाढला तर अंगातलं विष बाहेर पडतंय, म्हणजे तरीही लागूच पडला. आमच्याकडचा भगत निदान गुण आला नाही तर कोंबडं बदलून बघतो.

गुरुवारी गाववाल्यांना उपचार मोफत असत, फोटोसकट. अशाच एका गुरुवारी जवळच्या वाडीतली एक बाई आली. तिचे खांदे आखडून गेले होते आणि हात छातीच्या वर जात नव्हते. डॉक्टरांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि सांगितलं, सर्वांगाला मातीचा लेप.

गळ्यापर्यंत ओली माती थापली आणि बाईची दातखीळ बसली. डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. "विष निघतंय," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या गुरुवारी पुन्हा." आणि ते मधपाणी प्यायला गेले. मला त्यांचा इतका संताप आला, की ती मातीची बादली त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर ओतावीशी वाटली.

मी तिला नळाखाली धुतलं आणि उन्हात बसवलं. जरा वेळाने ती बोलू लागली. रस्त्याकडेला पाइपलाइनचा चर खणताना दरड तिच्या आणि तिच्या जावेच्या अंगावर आली होती. तिला लोकांनी ओढून काढलं. जाऊ आतच गेली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"कोनी इचारलाच नाय, ताई."

तेव्हापासून तिला चिखलात पाय घालवत नव्हता. सासू म्हणाली होती, यंदा भाताच्या आवणीला उतरली नाय तर माहेरी जा, पोरं हितंच राहतील. खांदे तिला त्यासाठी हवे होते.

मी तिला बाहेर ओट्यावर, भिंतीला पाठ टेकवून बसवू लागले. पायांना गरम पाणी, खांद्यांना शेक, आणि हात लावण्याआधी दर वेळी विचारणं. दुखणं बघण्याआधी माणसाला विचारावं, हा फार मोठा शोध आहे, असं पुढे मला शहरातल्या एका शिबिरात चित्रं दाखवून शिकवण्यात आलं. मोठे डॉक्टर माझ्या उपचाराला अर्धवट म्हणत. पावसाळ्यापर्यंत तिचे हात डोक्यावर जाऊ लागले. तिने आपणहून वाटीतली ओली माती बोटाने कालवूनही पाहिली.

आवणीच्या दिवशी तिने मला शेतावर बोलावलं. मी श्वासाचे चार प्रकार ठरवून गेले होते आणि छत्री धरून बांधावर उभी राहिले. ती घोट्याएवढ्या चिखलात उतरली, हातात रोपांची मूठ घेतली, वाकली. आमच्याकडे भात लावत लावत मागे सरकतात. तिने एक पाऊल मागे टाकलं आणि तिथेच थिजली.

मी म्हटलं, "लांब श्वास घ्या." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मागून आली होती ती," ती म्हणाली. "दरड."

पलीकडे लावणाऱ्या सासूने हातातली रोपं खाली ठेवली. आता ही हिला घालवून देणार, असं मला वाटलं. म्हातारी चिखल तुडवत आली आणि सुनेच्या मागे, तिच्या कमरेला हात लावून उभी राहिली.

"लाव गो," ती म्हणाली. "मागं मी हाय. एक गेली, ती पुरे."