पारदर्शक पडद्यामागची दिव्यांची पट्टी

मंडळी, आज सकाळी मुलुंडला आमच्या घरी घडलेला प्रसंग सांगतो. चूक सर्वस्वी माझी आहे.

माझी मुलगी गार्गी मागणीनुसार संगणक जोडून देते. पहिल्या मोठ्या ग्राहकासाठी तिने संगणकाची अशी पेटी (कॅबिनेट) निवडली, जिची एक बाजू म्हणजे पारदर्शक पडदा आहे. त्यावर चित्रे हलतात आणि त्यांच्या आरपार आतले भागही दिसतात. ग्राहक अकरा वाजता येणार होता.

साडेदहाला तिने संगणक सुरू केला. पडदा काळाकुट्ट! पडद्याच्या सगळ्या जोडण्या तपासून झाल्या, तरी तसाच.

"वाट लागली, बाबा. पडद्याचं पॅनलच गेलंय. त्यांना येऊ नका म्हणून सांगते," म्हणत तिने फोन उचलला.

मी चाचरत विचारले, "आतल्या पांढऱ्या दिव्यांच्या पट्टीचा याच्याशी काही संबंध?"

"आहेच ना! या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मागून लागतो. का रे?"

"ती मी काल संध्याकाळी काढली. उगाच झगमगाट वाटला."

"तुझ्या फायलींना मी कधी हात लावते का?"

मी कपाटातून पट्टी आणून दिली. तिने ती जोडताच पडद्यावर मासे पोहू लागले.

ग्राहक समाधानाने गेल्यावर मी रीतसर माफी मागितली. ती म्हणाली, "बघायला खुशाल बस. हात मात्र खिशात."

मुलांच्या कामातले आपल्याला अनावश्यक वाटणारे काही काढून टाकण्यापूर्वी तुम्ही त्यांना विचारता का?